ईडन आणि सुएझ : परराष्ट्र धोरणाने घडवलेला आणि परराष्ट्र धोरणानेच घालवलेला पंतप्रधान

जुनीपाने

ब्रिटनमध्ये पंतप्रधान पडतो तो बहुतेक वेळा घरच्या कारणांनी. महागाई, संप, कर, नाहीतर पक्षातली भाऊबंदकी. अँथनी ईडन यांची गोष्ट वेगळी आहे. हा माणूस परराष्ट्र धोरणावर वाढला, त्यावरच पंतप्रधान झाला आणि त्यानेच एकवीस महिन्यांत घरी गेला. बऱ्याच दिवसांपासून यावर लिहायचं मनात होतं. १९५६ च्या सुएझ कालव्याच्या पेचाबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं ते नेहरू आणि इजिप्तचे अध्यक्ष नासर यांच्या मैत्रीच्या अंगाने. लंडनमध्ये त्या चार महिन्यांत काय घडलं याकडे फारसं कुणी पाहत नाही.

आधी माणूस समजून घेऊ. जन्म १८९७ चा. पहिल्या महायुद्धात दोन भाऊ गमावले, स्वतः खंदकांत लढून शौर्यपदक मिळवलं. ऑक्सफर्डला फारसी आणि अरबी शिकले. १९३५ च्या डिसेंबरात वयाच्या ३८ व्या वर्षी परराष्ट्रमंत्री झाले. २० फेब्रुवारी १९३८ ला त्यांनी राजीनामा दिला, कारण पंतप्रधान चेम्बरलेन इटलीचा हुकूमशहा मुसोलिनीशी जुळवून घ्यायला निघाले होते. वादाचं आणखी एक कारण होतं, ते लक्षात ठेवा. त्याच जानेवारीत रूझवेल्टनी आंतरराष्ट्रीय परिषदेचा प्रस्ताव मांडला होता आणि ईडन सुट्टीवर असताना चेम्बरलेननी तो परस्पर बाजूला सारला. अमेरिकेच्या अध्यक्षाला असं झटकून टाकणं ईडनना अक्षम्य वाटलं होतं.

त्याच वर्षी म्युनिकमध्ये चेम्बरलेन हिटलरपुढे झुकले, त्यानंतर तो राजीनामा हीच त्यांची पुंजी झाली. हुकूमशहापुढे न झुकलेला माणूस अशी ओळख झाली आणि पुढची सगळी चढण त्या ओळखीवर झाली. युद्धकाळात परराष्ट्रमंत्री, १९५१ पासून पुन्हा परराष्ट्रमंत्री. १९५४ हे तर त्यांचं सर्वोत्तम वर्ष. जिनिव्हात इंडोचायनाचा तह, पश्चिम जर्मनीला नाटोत आणणारी व्यवस्था, आणि इजिप्तशी करार करून सुएझच्या तळावरून ब्रिटिश फौज काढून घेण्याचा निर्णय. हो, तो करार ईडन यांचाच. स्वपक्षातल्या, तळ सोडायला तयार नसलेल्या 'सुएझ गटा'चा विरोध पत्करून केलेला. एप्रिल १९५५ मध्ये चर्चिल बाजूला झाले, ईडन पंतप्रधान झाले, मे महिन्यात निवडणूक घेऊन ६० चं बहुमत आणलं.

आणि मग १९५६. जानेवारीतच त्यांच्याच पक्षाच्या बाजूचं वर्तमानपत्र सरकारला 'ठामपणा नाही' म्हणून झोडपू लागलं. ईडन भाषणात एका हाताची मूठ दुसऱ्या तळहातावर आपटायला जातात पण आवाज कधी येतच नाही, असं त्यात लिहिलं होतं. ही टीका त्यांना फार लागली. मार्चमध्ये जॉर्डनच्या राजाने ब्रिटिश सेनापती ग्लब पाशा यांना काढून टाकलं. त्यामागे नासर आहेत अशी ईडनची खात्री झाली. १९ जुलैला अमेरिकेने इजिप्तच्या नाईलवरील आस्वान धरणाची मदत नाकारली, पाठोपाठ ब्रिटननेही. २६ जुलैच्या रात्री अलेक्झांड्रियाच्या सभेत नासरनी सुएझ कालवा चालवणाऱ्या, ब्रिटिश-फ्रेंच भागधारकांच्या कंपनीचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं. ती बातमी आली तेव्हा ईडन डाउनिंग स्ट्रीटवर इराकचा राजा फैसल आणि पंतप्रधान नुरी यांच्यासोबत जेवण घेत होते. (दोन वर्षांच्या आत ते दोन्ही पाहुणे बगदादच्या क्रांतीत मारले गेले.)

इथे १९३८ परत येतं. ईडनना नासरमध्ये मुसोलिनी दिसला. स्वतःच्या आयुष्यातला सर्वात अभिमानाचा प्रसंग त्यांनी उचलून एका वेगळ्याच प्रश्नावर ठेवला. कालवा कंपनीची मुदत तशीही १९६८ ला संपणार होती, नासरनी भागधारकांना भरपाई देऊ केली होती, आणि सप्टेंबरात जहाजांना वाट दाखवणारे परदेशी वाटाडे निघून गेल्यावरही इजिप्तने कालवा व्यवस्थित चालू ठेवला. प्रश्न वाटाघाटीने सुटण्यासारखा होता. आणि वाटाघाटी हे तर ईडनचं खास कौशल्य.

पण तसं झालं नाही. १४ ऑक्टोबरला पंतप्रधानांच्या चेकर्स या निवासस्थानी फ्रेंच दूत बेत घेऊन आले: इस्रायलने सिनाईत घुसायचं, मग ब्रिटन-फ्रान्सने 'दोघांना सोडवायला' म्हणून कालव्यावर उतरायचं. २२ ते २४ ऑक्टोबर, पॅरिसजवळ सेव्र इथल्या एका घरात हे ठरलं, कागदावर सह्या झाल्या. २९ ला इस्रायलची चढाई, ३० ला १२ तासांचा निर्वाणीचा इशारा, ३१ ला बॉम्बफेक सुरू. ५ नोव्हेंबरला छत्रीधारी सैनिक पोर्ट सैदला, ६ ला समुद्रमार्गे फौज, आणि त्याच मध्यरात्री युद्धविराम. फौज जिंकत असताना थांबली.

माझं म्हणणं असं, की ईडन नासरमुळे पडले नाहीत, रणांगणावरच्या हारीमुळे तर नाहीच. ते पडले दोन गोष्टींनी. एक, अमेरिकेच्या परवानगीशिवाय पौंड उभा राहू शकत नाही हे त्यांनी हिशेबात धरलं नाही. दोन, ज्या सभागृहाने त्यांच्यावर सचोटीचा माणूस म्हणून विश्वास ठेवला तिथे ते २० डिसेंबरला उभे राहून म्हणाले, की इस्रायल हल्ला करणार याची आम्हाला आधी कल्पना नव्हती. ९ जानेवारी १९५७ ला राजीनामा.

तुम्हा सगळ्यांची मतं वाचायला आवडतील.

बंदरकाठ

उत्तम धागा. कालव्याचं महत्त्व मुंबईकरांनी तरी विसरू नये. १८६९ पूर्वी लंडनहून येणारं जहाज आफ्रिकेला वळसा घालून यायचं. कालव्याने तो प्रवास सुमारे चार हजार सागरी मैलांनी कमी केला आणि मुंबई बंदराचं नशीब पालटलं. १८७५ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान डिझरायली यांनी इजिप्तच्या शासकाचे, म्हणजे खेदिवाचे, कालवा कंपनीतले ४४ टक्के समभाग ४० लाख पौंडांना घेतले, रॉथशिल्डकडून उसने पैसे घेऊन. हिंदुस्थानचा रस्ता आपल्या हातात हवा, हा त्यामागचा सरळ विचार. म्हणजे याच कालव्याने एका टोरी (हुजूर पक्षाच्या) पंतप्रधानाची कीर्ती वाढवली आणि ८१ वर्षांनी दुसऱ्याची संपवली.

१९५६ मध्ये मात्र हिंदुस्थान हातात नव्हता. तो रस्ता आता तेलाचा झाला होता. इजिप्तने कालव्यात जहाजं बुडवून तो बंद केला, सिरियात तेलाची नळवाहिनी उडवली गेली, आणि डिसेंबरच्या मध्यापासून ब्रिटनमध्ये पेट्रोलला शिधापत्रिका लागली. कालवा उघडा ठेवण्यासाठी केलेल्या मोहिमेने कालवा एप्रिल १९५७ पर्यंत बंद पाडला.

अबोली

मला तब्येतीचा मुद्दा धाग्यात नसल्याचं आश्चर्य वाटलं. एप्रिल १९५३ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत ईडन यांच्या पित्तनलिकेला इजा झाली. पुढे बॉस्टनला जाऊन पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, तरी अधूनमधून पित्तनलिकेचा दाह आणि फणफणून ताप येतच राहिला. ५ ऑक्टोबर १९५६ ला, म्हणजे चेकर्सच्या त्या भेटीच्या नऊ दिवस आधी, पत्नीला भेटायला रुग्णालयात गेले असताना त्यांना १०६ अंश फॅरनहाइट ताप चढला. वेदनाशामकं, झोपेची औषधं आणि सकाळी उत्तेजक गोळ्या, असं चाललं होतं. मी औषधशास्त्राशी संबंधित काम करते म्हणून सांगते, अशा मिश्रणावर असलेल्या माणसाची चिडचिड, संशय, घाई या गोष्टी फक्त स्वभावाच्या खात्यावर टाकता येत नाहीत. धोरणाची चिकित्सा करताना हेही धरलं पाहिजे.

खडूफळा

अबोली, मुद्दा महत्त्वाचा आहे, पण तो एकट्या ईडनना लागू होतो. मंत्रिमंडळातले बाकीचे ठणठणीत होते. परराष्ट्रमंत्री सेल्विन लॉइड स्वतः सेव्रला गेले होते. मॅकमिलन सर्वांत जास्त उत्साही होते. फ्रान्सचे पंतप्रधान मोले यांना तर ताप नव्हता, त्यांना अल्जीरिया होता. नासर तिथल्या बंडखोरांना मदत करतात हा त्यांचा राग. आजारपणाने ईडन उतावीळ झाले असतील. बेत मात्र धडधाकट लोकांनी आखला.

इतिहास शिकवताना मी मुलांना या प्रकरणातली एक गोष्ट आवर्जून सांगतो. परराष्ट्र खात्याचे कायदेशीर सल्लागार फिट्झमॉरिस यांचं मत होतं की बळाचा वापर कायद्यात बसत नाही. म्हणून त्यांना विचारायचंच नाही असं ठरलं. खात्यातल्या बहुतेक वरिष्ठ अधिकाऱ्यांना सेव्रची कल्पना नव्हती. तीस वर्षं ज्या खात्याच्या जोरावर ईडन मोठे झाले, त्या खात्यालाच त्यांनी अंधारात ठेवलं. राज्यमंत्री अँथनी नटिंग हे त्यांचे लाडके शिष्य. त्यांनी राजीनामा दिला. १९३८ चे ईडन असते तर त्यांनीही दिला असता.

रीडिंगकर

इथे इंग्लंडमध्ये राहून जुन्या पिढीशी बोलल्यावर एक वेगळं चित्र दिसतं, ते मांडतो. सगळा देश ईडनच्या विरोधात होता असं अजिबात नाही. ४ नोव्हेंबरला ट्रॅफल्गार चौकात 'युद्ध नको, कायदा हवा' म्हणत प्रचंड सभा झाली, विरोधी मजूर पक्षाचे अन्यूरिन बेव्हन यांचं गाजलेलं भाषण झालं, हे खरं. पण लढाई सुरू झाल्यावर सरकारला पाठिंबा वाढत गेला. कामगार वस्त्यांतही 'आपली पोरं तिकडे आहेत' ही भावना होती. त्या रविवारी 'ऑब्झर्व्हर'ने सरकारवर अतिशय कडक अग्रलेख लिहिला आणि त्या वर्तमानपत्राने वाचक गमावले, जाहिराती गमावल्या.

टोरी पक्षात तर उलटच झालं. नटिंग यांना मतदारसंघातल्या कार्यकर्त्यांनी झिडकारलं, त्यांना खासदारकीही सोडावी लागली. बोर्नमथचे नायजेल निकल्सन यांनी सुएझला विरोध केला म्हणून स्थानिक शाखेने १९५९ मध्ये त्यांना उमेदवारी दिली नाही. ज्यांनी साथ दिली त्यांचं काही बिघडलं नाही. आणि ऑक्टोबर १९५९ च्या निवडणुकीत तोच पक्ष १०० च्या बहुमताने परत आला.

मग परराष्ट्र धोरणाने राजकीय नशीब ठरतं ते कुणाचं? माझ्या मते एका माणसाचं. पक्ष सुटला.

जुनीपाने

रीडिंगकर, हा मुद्दा मला पटतो, आणि माझ्या मूळ म्हणण्याला तो बळकटीच देतो. लोकांनी ईडनना पाडलं नाही. निवडणूक झालीच नाही. पाडलं ते तिजोरीने आणि मंत्रिमंडळाने, म्हणून पैशाकडे जरा नीट बघू.

पौंडाचा दर २.८० डॉलर असा बांधलेला होता. तो टिकवायचा तर बँक ऑफ इंग्लंडकडे डॉलर हवेत. लढाई सुरू होताच पौंड विकायची झुंबड उडाली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून पैसे मागावेत तर तिथे अमेरिकेच्या होकाराशिवाय पान हलत नव्हतं, आणि अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सरकारचं उत्तर स्वच्छ होतं: आधी फौज मागे घ्या. फ्रान्सने ऑक्टोबरमध्येच नाणेनिधीकडून आपली सोय करून ठेवली होती! ब्रिटनने ती केली नाही. अर्थमंत्री कोण? मॅकमिलन.

हेच मॅकमिलन सप्टेंबरअखेरीस वॉशिंग्टनला जाऊन आयझेनहॉवरना भेटले आणि 'आइक (आयझेनहॉवर यांचं टोपणनाव) आपल्या आड येणार नाही' अशी खात्री घेऊन आले. ते त्यांचे युद्धातले जुने मित्र. पण त्या भेटीत सुएझवर जवळजवळ बोलणंच झालं नव्हतं, सोबत असलेले राजदूत मेकिन्स त्यामुळे चकित झाले होते. उलट ३ सप्टेंबरच्या पत्रात आयझेनहॉवरनी ईडनना स्पष्ट लिहिलं होतं की बळाचा वापर अमेरिकन जनमताला मुळीच मान्य नाही. शिवाय ६ नोव्हेंबर हा तिथला मतदानाचा दिवस. शांततेच्या नावावर मतं मागणाऱ्या अध्यक्षाला न सांगता त्याच आठवड्यात लढाई पेटवली.

६ नोव्हेंबरच्या सकाळी मॅकमिलननी मंत्रिमंडळाला गंगाजळीच्या गळतीचा जो आकडा सांगितला तो प्रत्यक्षापेक्षा बराच फुगवलेला होता, असं इतिहासकार दाखवून देतात. जो सगळ्यांत पुढे होता तोच सगळ्यांत आधी मागे फिरला. मजूर पक्षाचे हॅरल्ड विल्सन यांनी 'पहिला आत, पहिला बाहेर' असं त्यांचं वर्णन केलं ते यामुळेच. आणि दोन महिन्यांनी पंतप्रधान कोण झालं हे आपल्याला ठाऊक आहे: मॅकमिलनच.

१९३८ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षाला डावललं म्हणून ज्यांनी मंत्रिपद सोडलं, त्यांनी १९५६ मध्ये पंतप्रधान म्हणून तेच केलं. मला या सगळ्या कहाणीत याचं सर्वांत जास्त दुःख होतं.

सह्यकडा

भारताच्या बाजूने थोडं. ऑगस्टमध्ये लंडनला २२ देशांची परिषद झाली. १८ देशांनी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांचा आंतरराष्ट्रीय मंडळाचा आराखडा उचलला. भारताचे प्रतिनिधी कृष्ण मेनन यांनी पर्याय दिला: मालकी इजिप्तची, आणि वापरणाऱ्या देशांचं सल्लागार मंडळ. त्याला सोव्हिएत संघ, सिलोन आणि इंडोनेशिया यांचीच साथ मिळाली. ईडननी तो गंभीरपणे घेतला असता तर त्यांना सन्मानाने बाहेर पडायची वाट होती, असं माझं ठाम मत आहे. शेवटी कालवा इजिप्तच्याच ताब्यात राहिला आणि जहाजं चालत राहिली, म्हणजे मेनन म्हणत होते त्याच्या जवळच गाडी येऊन थांबली.

आपल्याकडे त्या आठवड्यात वेगळीच धामधूम होती. काहिरावर बॉम्ब पडू लागले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १ नोव्हेंबर १९५६ ला, द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आलं आणि यशवंतराव मुख्यमंत्री झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या रागात असलेल्या मराठी वाचकाला पोर्ट सैदकडे बघायला सवड कुठली? पण दुसरी पंचवार्षिक योजना नुकती सुरू झाली होती, यंत्रसामग्री युरोपातून यायची होती, आणि तीच जहाजं आता आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली. मालभाडं वाढलं. परकीय चलनाची जी ओढाताण पुढे झाली तिच्यात या बंद कालव्याचाही हातभार होता.

खडूफळा

सह्यकडा, त्याच आठवड्यातलं हंगेरीचं बुडापेस्टही घ्या. ४ नोव्हेंबरला तिथला उठाव चिरडायला सोव्हिएत रणगाडे घुसले. पश्चिमेने एका आवाजात निषेध करायचा तर ब्रिटन-फ्रान्स स्वतः इजिप्तवर बॉम्ब टाकत होते. सुएझवर तत्काळ आणि कडक बोलणारे नेहरू हंगेरीवर मात्र अडखळले, ९ नोव्हेंबरला भारताने संयुक्त राष्ट्रांत हंगेरीविषयीच्या ठरावाविरुद्ध मत दिलं आणि त्यावर देशातही टीका झाली. ईडनच्या निर्णयाची किंमत हंगेरियन लोकांनीही मोजली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

अबोली

२००३ च्या इराक युद्धाशी तुलना कुणी केली नाही अजून. तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनीही लोकांना पूर्ण खरं सांगितलं नाही असं म्हणतात. मग ते का टिकले?

रीडिंगकर

अबोली, मुख्य फरक अमेरिकेचा. ब्लेअर वॉशिंग्टनच्या सोबत गेले, ईडन वॉशिंग्टनला न सांगता. दुसरा फरक, ब्लेअर यांनी १८ मार्च २००३ ला सभागृहात मतदान घेतलं. स्वपक्षाच्या १३९ खासदारांनी विरोध केला, रॉबिन कुक यांनी मंत्रिपद सोडलं, तरी हुजूर पक्षाच्या पाठिंब्याने ठराव पार पडला. जबाबदारी वाटली गेली.

पण 'टिकले' हा शब्द मी जपून वापरेन. १६७ चं बहुमत २००५ मध्ये ६६ वर आलं, आणि २००७ मध्ये ते गेले. आजही इथे त्यांच्या तीन निवडणूक विजयांआधी इराकचाच विषय निघतो. १५ फेब्रुवारी २००३ च्या लंडनमधल्या मोर्चाबद्दल माझे शेजारी अजून बोलतात.

आणि उलट उदाहरण थॅचर यांचं. १९८२ च्या सुरुवातीला त्या फार अप्रिय होत्या. अर्जेंटिनाने बळकावलेली फॉकलंड बेटं परत घेतली आणि १९८३ मध्ये १४४ चं बहुमत. विरोधी मतांची फूट आणि सावरती अर्थव्यवस्था हीही कारणं होती, पण फॉकलंडशिवाय ती निवडणूक तशी झाली नसती. त्यांनीही अमेरिकेची नाराजी ओढवली असती, पण त्यांच्यावर हल्ला झाला होता, काही लपवायचं नव्हतं, आणि रेगन सरकार शेवटी त्यांच्या बाजूला आलं.

बंदरकाठ

सेव्रच्या कागदाचं पुढे काय झालं? ईडननी तो जाळून टाकला असं वाचलं होतं.

जुनीपाने

बंदरकाठ, तीन प्रती होत्या. ब्रिटनच्या वतीने सही केली होती पॅट्रिक डीन या अधिकाऱ्याने. प्रत घेऊन ते लंडनला आले तेव्हा लेखी काही झालंय हे पाहून ईडन हादरले. डीन आणि सेव्रला गेलेले दुसरे अधिकारी लोगन यांना दुसऱ्या दिवशी परत पॅरिसला पाठवलं, उरलेल्या प्रती मागून नष्ट करायला. फ्रेंचांनी नकार दिला. ब्रिटिश प्रत नष्ट झाली, पण इस्रायलचे पंतप्रधान बेन-गुरियन यांनी आपली घडी घालून खिशात नेली होती. ती इस्रायलच्या अभिलेखागारात सुरक्षित राहिली. नटिंग यांनी १९६७ मध्ये पुस्तकात सगळं सांगितलं. ईडननी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत मात्र सेव्रचा उल्लेख नाही. जानेवारी १९७७ मध्ये वारले तोपर्यंत त्यांनी संगनमताची जाहीर कबुली दिली नाही.

त्यांना न्याय द्यायचा तर एक सांगायला हवं. नोव्हेंबरच्या शेवटी डॉक्टरांच्या सल्ल्याने ते जमैकाला विश्रांतीला गेले, तेव्हा लंडनमध्ये पेट्रोल टंचाईची तयारी चालू होती. तीन आठवडे ते दूर होते आणि ज्येष्ठ मंत्री बटलर आणि मॅकमिलन यांनी अमेरिकेशी परस्पर बोलणी करून फौज मागे घ्यायचं ठरवलं. पैसा लगेच मोकळा झाला. मला वाटतं राजीनामा जानेवारीत आला तरी पद त्याच तीन आठवड्यांत गेलं होतं. परत आले तेव्हा त्यांच्याशिवाय सरकार चालू शकतं हे सगळ्यांना दिसलं होतं.

सह्यकडा

आणि मॅकमिलननी यातून काय घेतलं? तेही सांगा.

जुनीपाने

त्यांनी घेतलं ते हे, की पुन्हा अमेरिकेपासून दूर जायचं नाही. मार्च १९५७ मध्ये बर्म्युडाला आयझेनहॉवरना भेटून घडी बसवली, आणि डिसेंबर १९६२ मध्ये नसाऊला केनेडींकडून पोलारिस क्षेपणास्त्रं मिळवली. फ्रान्सने नेमका उलटा निष्कर्ष काढला. ६ नोव्हेंबर १९५६ ला ईडननी युद्ध थांबवत असल्याचा फोन केला तेव्हा मोलेंच्या शेजारी जर्मनीचे आडनॉवर बसले होते. आता युरोप उभारा, असं त्यांनी मोलेंना सांगितलं. पुढच्या मार्चमध्ये युरोपीय सामायिक बाजार उभा करणारा रोमचा करार झाला. मॅकमिलननी १९६१ मध्ये त्या युरोपीय बाजारात शिरायचा अर्ज केला, त्यावर स्वतःची सगळी प्रतिष्ठा लावली. नसाऊनंतर महिना होत नाही तोच, १४ जानेवारी १९६३ ला, फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी पत्रकार परिषदेत ब्रिटनला नकार दिला. त्याच ऑक्टोबरात मॅकमिलननीही आजारपणामुळे पद सोडलं.